नाव, वय, साल

मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात पिलग्रिम हॉल नावाचे जुने संग्रहालय आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्रज कुटुंबांनी जिथे वसाहत केली, तेच हे गाव. त्या पहिल्या पिढीच्या तलवारी, खुर्च्या आणि बायबल यांच्या सोबतीने तिथे लिननची एक लांबट, अरुंद पट्टी जपून ठेवली आहे. पट्टीवर आडव्या ओळींत रेशमी नक्षी भरलेली आहे. नक्षीखाली एक छोटे पद्य आहे आणि त्यात भरणारीचे नाव आहे: लोरा स्टँडिश. देवाने आपल्या मनाला वाट दाखवावी आणि हातांना कसब द्यावे, एवढेच मागणे त्या पद्यात आहे.

लोरा ही वसाहतीचा लष्करी कप्तान मायल्स स्टँडिश याची मुलगी. कप्तानाबद्दल कागदपत्रे भरपूर आहेत, पुढे त्याच्यावर कविताही झाल्या. लोराबद्दल मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही. ती बापाच्या आधी गेली. १६५६ च्या मृत्युपत्रात त्याने आपल्याला तिच्याशेजारी पुरावे असे लिहून ठेवले, आणि तिचा उल्लेख तेवढ्यावरच थांबतो. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू उरली आहे, ती ही पट्टी. संग्रहालय तिचा काळ साधारण १६५३ धरते. अमेरिकेत भरलेले, आज माहीत असलेले हे सर्वांत जुने सॅम्पलर, म्हणजे टाक्यांच्या नमुन्यांचे कापड, मानले जाते.

त्यानंतरच्या जवळपास दोनशे वर्षांत अमेरिकेतल्या हजारो मुलींनी अशी सॅम्पलरे भरली. त्यांतल्या बहुतेक मुलींनी दुसरे काहीही मागे ठेवले नाही. पत्रे नाहीत, रोजनिशी नाही, चित्र नाही. लग्नानंतर त्यांचे आडनाव बदलले आणि सरकारी कागदांत त्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी विधवा म्हणून उरल्या. पण आठव्या किंवा बाराव्या वर्षी स्वतःच्या हाताने घातलेले नाव, वय आणि साल कापडावर टिकले. म्हणून ही कापडे मी आधी दस्तऐवज म्हणून वाचतो, शोभेची वस्तू म्हणून नंतर.

लोराची पट्टी ज्या परंपरेतली आहे ती इंग्लंडहून आलेली. तिथे सॅम्पलर म्हणजे नक्षीची वही होती. छापील नमुन्यांची पुस्तके महाग आणि दुर्मीळ असल्याने दुसऱ्याच्या घरी पाहिलेली किनार, एखादे फूल, नवा टाका बाई आपल्या पट्टीवर उतरवून ठेवी आणि पट्टी गुंडाळून पेटीत टाकी. हवी तेव्हा काढायची, पाहायची, पुन्हा गुंडाळायची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिचे १५९८ चे सॅम्पलर आहे. साल घातलेले इंग्लंडमधले हे सर्वांत जुने. अठराव्या शतकात अमेरिकेत या वहीचे रूप पालटले. पट्टी रुंद होत चौकोनी झाली. नक्षीच्या ओळींच्या जागी मुळाक्षरे, आकडे, एखादे पद्य, कडेने वेल आणि खाली घर, झाडे, मेंढ्या आल्या. भरणारे हात मोठ्या बायकांचे न राहता पाच-सहा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतच्या मुलींचे झाले. काम पुरे झाले की ते चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत टांगले जाऊ लागले.

मुळाक्षरे आणि आकडे का, याचे उत्तर घरातल्या कपाटात होते. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडे ही त्या काळची दौलत होती. जवसाच्या झाडापासून धागा काढायचा, तो कातायचा, विणायचा, मग कापड उन्हात पांढरे करायचे. एका चादरीमागे महिन्यांची मेहनत असे. मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी होई तेव्हा चादरी मोजून त्यांची किंमत लिहीत. मोठी धुलाई अनेक आठवड्यांनी एकदा निघायची, तेव्हा कुणाचे कापड कोणते हे कळायला हवे. शिवाय कापडे आळीपाळीने वापरली तर सारखी झिजतात. म्हणून प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात घराच्या नावाची आद्याक्षरे आणि खाली क्रमांक घालत. आपल्याकडे रुखवतातल्या भांड्यांवर नाव घालतात ते याच कारणाने. फरक इतकाच की आपण ते दुकानदाराकडून घालून घेतो. तिथे ते काम घरच्या मुलीचे होते आणि तिला ते लहानपणीच यावे लागे. म्हणून पहिले सॅम्पलर साधे असायचे: दोन-तीन वळणांतली मुळाक्षरे, एक ते दहा आकडे, नाव, वय, साल.

दुसूतीवर काम केलेल्यांना फुलीचा टाका समजावून सांगायला नको. कापडाचे दोन उभे आणि दोन आडवे धागे मोजायचे, सुई खालून वर काढायची, तिरकी नेऊन समोरच्या कोपऱ्यात खाली घालायची, मग दुसऱ्या तिरक्या दिशेने तसेच. एक फुली झाली. एका मोठ्या अक्षराला अशा पंधरा-वीस फुल्या सहज लागतात. हाताने विणलेल्या लिननचे धागे इतके बारीक की दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसूनच ते मोजता येत. एक धागा चुकला तर अक्षर कलते, आणि त्यापुढची ओळच सरकते. मोजणी कुठे चुकली हे पुष्कळ सॅम्पलरांवर आजही दिसते. कडेची वेल तीन कोपऱ्यांत नीट वळते आणि चौथ्या कोपऱ्यात जुळत नाही. ओळीत जागा संपते, म्हणून शब्दाची शेवटची दोन अक्षरे बारीक करून वर चढवलेली असतात. कधी स्वतःच्याच आडनावाला जागा उरत नाही. संग्रहालयात गेलात तर मधली सुबक फुले झटकन पाहून हे कोपरे शांतपणे पाहा. फुलांचा नमुना शिकवणाऱ्या बाईंनी काढून दिलेला असतो; मोजणी मात्र मुलीची असते.

मुळाक्षरांतही एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुन्या सॅम्पलरांवर बहुधा ‘जे’ नसतो, ‘यू’ही नसतो. इंग्रजी छपाईत ‘आय’ आणि ‘जे’, तसेच ‘यू’ आणि ‘व्ही’ या अक्षरांच्या जोड्या दीर्घकाळ एकच अक्षर मानल्या जात. बाहेर ती वेगळी झाल्यावरही मुली जुन्या सॅम्पलरवरून नवे उतरवत राहिल्या आणि चोवीस अक्षरांची माळ तशीच चालत आली.

मुलींच्या शिक्षणात या सुईचे स्थान काय होते? मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन या प्रोटेस्टंट पंथाच्या समाजात वाचता येणे हे धर्माचे काम होते, कारण प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे अशी अपेक्षा होती. मॅसॅच्युसेट्सने १६४२ मध्येच मुलांना वाचायला शिकवणे कुटुंबप्रमुखावर बंधनकारक केले. पण वाचणे आणि लिहिणे या तेव्हा दोन वेगळ्या विद्या होत्या. शेजारची एखादी बाई आपल्या स्वयंपाकघरात चिमुकल्यांना जमवून वाचन शिकवी. लेखन शिकवायला वेगळा मास्तर, वेगळी फी. पेन तासायला, शाई करायला शिकायचे ते व्यापारात आणि कचेरीत उपयोगी पडावे म्हणून. तिथे मुलगे जात. गरिबांच्या मुलांना दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवताना मुलाला लिहिणे-वाचणे शिकवावे आणि मुलीला वाचणे, अशी विभागणी अठराव्या शतकात बराच काळ कायद्यातच होती. बोस्टनच्या सरकारी शाळांचे दार मुलींना १७८९ मध्ये उघडले, तेही वर्षातले काही महिनेच. त्याआधीच्या कितीतरी मुलींनी आपले नाव पहिल्यांदा लिहिले ते सुईने, आणि काहींनी फक्त सुईनेच. दस्तऐवजावर सहीऐवजी फुली मारणाऱ्या एखाद्या बाईने लहानपणी कापडावर अख्खी मुळाक्षरे भरलेली असणे शक्य आहे. म्हणून त्या काळच्या स्त्रियांची साक्षरता केवळ सह्यांवरून मोजणे मला फार अपुरे वाटते.

ज्यांची ऐपत होती त्या घरांच्या मुली साध्या सॅम्पलरनंतर मोठ्या गावातल्या बाईंच्या शाळेत जात. स्वातंत्र्ययुद्धानंतर अशा शाळा किनाऱ्यावरच्या अनेक बंदरगावांत निघाल्या. चालवणाऱ्या बहुधा विधवा किंवा अविवाहित स्त्रिया होत्या, आणि पोटासाठी त्यांना मोकळ्या असलेल्या थोड्या मार्गांपैकी हा एक मार्ग होता. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात मेरी बाल्च यांनी १७८५ च्या सुमारास शाळा काढली आणि १८३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवली. त्यांच्या विद्यार्थिनींच्या सॅम्पलरांत गावातल्या खऱ्या इमारती आहेत: राज्याचे विधिमंडळ, आज ब्राउन विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयाची वास्तू, भोवती खांब आणि कमान, खाली फिरायला निघालेली जोडपी. ज्या महाविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता त्याच्या एकेका खिडकीला टाके घालत त्या बसल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी सॅरा स्टायव्हर्स यांची शाळा होती. तिथल्या मुली कुरळ्या पिळाच्या रेशमाने लांबलांब तिरके टाके घालून गवत आणि आकाश भरत. ही धाटणी इतकी ठळक आहे की जाणकाराला शाळा लांबूनच ओळखू येते. काही मुलींनी तर कापडावर शाळेचे नावही घातले आहे. बाईंसाठी ती घराघरांत टांगलेली जाहिरातच होती.

पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर पंथाच्या लोकांना ही सजावट नको होती. साधेपणा हा त्यांचा धर्म. १७९९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या वेस्टटाउन शाळेत मुली काळ्या किंवा एखाद्या रंगाच्या रेशमाने साधी, सरळ अक्षरे भरत आणि रफूची सॅम्पलरे करत. रफूच्या सॅम्पलरसाठी चांगल्या कापडाला मुद्दाम भोके पाडायची आणि मूळ वीण जशी असेल तशी, ताणाबाणा सुईने पुन्हा विणून ती बुजवायची. साधी वीण, तिरकी वीण, नक्षीची वीण, प्रत्येकीला वेगळे भोक. भोक बुजवल्याची जागा कळावी म्हणून रंगीत धागा वापरत. पाहायला ही कापडे फार आकर्षक नाहीत, पण कसबाच्या दृष्टीने फुलापानांच्या सॅम्पलरांपेक्षा मला ती कितीतरी वरची वाटतात.

याच वेस्टटाउनच्या मुलींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विलक्षण गोष्ट केली: रेशमी पृथ्वीगोल. पाकळ्यांसारख्या कापलेल्या रेशमी पट्ट्या जोडून चेंडू करायचा, तो घट्ट भरायचा, त्यावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा टाक्यांनी घालायच्या, खंडांच्या कडा भरायच्या आणि नावे शाईने किंवा सुईने लिहायची. ऑस्ट्रेलियाच्या जागी तेव्हाचे नाव असे, न्यू हॉलंड. काहींनी आकाशाचेही गोल केले, ताऱ्यांसकट. अमेरिकेत तेव्हा पृथ्वीगोल लंडनहून येत आणि ते सामान्यांच्या आवाक्यात नव्हते; व्हरमाँटच्या जेम्स विल्सनने देशी गोल विकायला काढले ते १८१० च्या सुमारास. रेचल कोप नावाच्या विद्यार्थिनीचे १८१६ चे पत्र उपलब्ध आहे. गोल करायला फार त्रास पडणार, पण तो घरी सगळ्यांना नवलाचा वाटेल आणि भावंडांना शिकवायला उपयोगी पडेल, असा तिचा सूर आहे. कुठलीशी वेल भरण्याऐवजी विषुववृत्त कुठून जाते ते टाका टाका करून शिकलेली ही मुलगी या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळची वाटते.

सगळ्याच मुलींना हे आवडत होते असे नाही. सॅम्पलरवरच्या पद्यांचा विषय बहुतेक ठरलेला: आज्ञाधारकपणा, सद्गुण, आयुष्य क्षणभंगुर असणे, देवाला शरण जाणे. आयझॅक वॉट्स या इंग्रज धर्मगीतकाराच्या रचना त्यांत वारंवार येतात. सात-आठ वर्षांची पोर स्वतःच्या मरणाबद्दलच्या ओळी भरते तेव्हा आजच्या वाचकाला धक्का बसतो. पण ज्या घरांत दर काही वर्षांनी एखादे मूल दगावत असे, तिथे तो विषय लपवून ठेवण्यासारखा नव्हता. पद्य मुलीचे नसे, तिच्या मनात काय होते ते त्यातून कळत नाही. एखादीच आपले मन उघड करते. मेरीलँडच्या केंट परगण्यातल्या पॅटी पोक या दहा वर्षांच्या मुलीच्या १८०० च्या आसपासच्या सॅम्पलरची नोंद आहे. यातला टाका न् टाका आपल्याला नकोसा झाला, वाचायला मिळाले असते तर किती बरे, अशा अर्थाचे काहीतरी तिने त्याच कापडावर भरून ठेवले.

सॅम्पलर भरायला रेशीम, लिनन, फी आणि मोकळा वेळ लागतो. चारही गोष्टी ज्यांच्याकडे नव्हत्या त्या मुली या कापडांवर फारशा दिसत नाहीत. दक्षिणेत मळेवाल्यांच्या घरी शिवणटिपण करणाऱ्या गुलाम स्त्रियांचा हात कुणापेक्षा कमी नव्हता. पण साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणेच गुन्हा ठरवले, आणि आपले नाव घातलेले काम मागे ठेवण्याची संधी त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. म्हणूनच न्यूयॉर्क ऐतिहासिक संस्थेत असलेले रोझेना डिझरी हिचे १८२० चे सॅम्पलर फार मोलाचे आहे. ती न्यूयॉर्कच्या आफ्रिकन फ्री स्कूलची विद्यार्थिनी. गुलामगिरीविरोधी मंडळींनी कृष्णवर्णीय मुलांसाठी १७८७ मध्ये काढलेल्या या शाळेचे नाव तिच्या कापडावर आहे. बाल्टिमोरमध्ये १८२९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्लेट सिस्टर्स या कृष्णवर्णीय जोगिणींच्या शाळेतही मुली भरतकाम शिकत. मिशनऱ्यांनी चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांच्या मुलुखात शाळा काढल्या तिथेही सॅम्पलर गेले. त्या शाळांतल्या मूळनिवासी मुलींचीही इंग्रजी अक्षरांतली सॅम्पलरे शिल्लक आहेत. त्यांच्याकडे निव्वळ कौतुकाने पाहणे मला जमत नाही. १८३० च्या दशकात या लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून लावण्यात आले.

सुईची ही शिकवण महाराष्ट्राच्या इतिहासालाही येऊन मिळते. सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावी झाला. म्हणजे त्या अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या सॅम्पलर भरणाऱ्या पिढीतल्या. १८२७ मध्ये त्या अमेरिकन मिशनच्या वतीने मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. १८६२ मध्ये वारेपर्यंत मुलींच्या शाळा हेच त्यांचे काम होते. वाचन, लेखन आणि गणित यांच्या जोडीला मिशनच्या शाळांत शिवणकाम असे. जोतीराव फुल्यांनी नगरची ही शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. न्यू इंग्लंडमध्ये मुलीला सुई आधी आणि लेखणी मागाहून मिळत आली होती. फरारबाईंच्या वर्गात मराठी मुलींना दोन्ही एकदमच मिळाल्या.

अमेरिकेत तोपर्यंत सॅम्पलरची सद्दी संपत आली होती. एमा विलर्ड यांनी १८२१ मध्ये ट्रॉय इथे आणि मेरी लायन यांनी १८३७ मध्ये माउंट होल्योक इथे मुलींसाठी उच्च शिक्षणाच्या संस्था काढल्या. तिथे भूमिती आणि विज्ञान शिकवायचे तर सुईचे तास कमी करणे भागच होते. गिरणीचे सुती कापड स्वस्त झाले आणि कापडावर न पुसणाऱ्या शाईने खूण करता येऊ लागली. १८४० नंतर चांगले सॅम्पलर क्वचितच दिसते. जुनी माळ्यावर गेली. त्यांची पहिली मोठी नोंदणी एथेल बोल्टन आणि एव्हा को या दोघींनी केली. त्यांचे ‘अमेरिकन सॅम्पलर्स’ हे पुस्तक १९२१ मध्ये निघाले. पुढे बेटी रिंग यांनी आयुष्यभर चर्चची रजिस्टरे, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि मृत्युपत्रे चाळून कोणते काम कोणत्या शाळेतले हे जुळवले आणि १९९३ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. हे जुळवणे शक्य झाले ते नाव, वय आणि साल कापडावर होते म्हणून. त्यांचा संग्रह २०१२ मध्ये सोदबीजने लिलावात काढला तेव्हा न्यू जर्सीतल्या मेरी अँट्रिम हिचे १८०७ चे सॅम्पलर दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

किमतीपेक्षा या कापडांचा मान मला दुसऱ्या एका ठिकाणी दिसतो. सॅम्पलरांतला एक प्रकार कुटुंबनोंदीचा होता. आई-बापांची नावे, लग्नाची तारीख, मग एकामागून एक मुलांचे जन्म आणि मृत्यू. मृत्यू कधीकधी काळ्या धाग्यात. काही सॅम्पलरांवर सालाच्या जागी टाके उसवलेले आढळतात. मोठेपणी त्याच बाईने किंवा तिच्या घरच्या कुणी वय कळू नये म्हणून ते काढले असावेत. जन्म आणि विवाह यांच्या सरकारी नोंदी तेव्हा फार थोड्या गावांत धड होत्या, त्यामुळे भिंतीवरचे हे कापड हीच घराची नोंदवही होती.

स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना अमेरिकन काँग्रेसने १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी निवृत्तिवेतन दिले. १८३८ च्या कायद्याची अट अशी की लग्न १ जानेवारी १७९४ पूर्वी झालेले असावे. सत्तरी-ऐंशीच्या घरातल्या बायकांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाचा पुरावा आणायचा कुठून? कुणी बायबलमधले कुटुंबनोंदीचे पान फाडून पाठवले, कुणी शेजाऱ्यांची शपथपत्रे जोडली. आणि काही घरांतून, लग्नाची तारीख आणि मुलांचे जन्म भरलेले सॅम्पलर भिंतीवरून उतरवून, घडी घालून वॉशिंग्टनला अर्जासोबत गेले. कचेरीने ते पुरावा म्हणून अर्जासोबत ठेवून घेतले. त्या अर्जांच्या फायली आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्या संग्रहातल्या सहा सॅम्पलरांची हकीकत अभिलेखागाराने २००२ मध्ये आपल्या नियतकालिकात छापली. त्याच फायलींत शेकडो पुरुषांची सैन्यातली नोकरी, पलटणीचे नाव आणि लढाया शाईने लिहिलेल्या आहेत, आणि त्यांच्या सोबतीला, तितक्याच वैध पुराव्याच्या दर्जाने, एखाद्या मुलीने फुलीफुलीने भरलेली तारीख आहे.